पुडीच्या कागदावरचा पाय

"आमवात," धुंडिराजशास्त्री म्हणाले आणि हातातला कागद त्यांनी पालथा ठेवला.

रोगी त्यांनी पाहिला नव्हता. पाहिला होता तो मी लिहिलेला कागद.

ज्यांच्या घरी कोणी पाय सुजून बसले आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सावकाश लिहितो, कारण एकदा घाईने लिहिले आणि ते महागात पडले.

मी पोथ्या उतरवणारा लेखक. राहणे कसब्यात. माझी पत्नी जानकी हिच्या पायांवर श्रावणात सूज आली. सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, संध्याकाळी पाय जड. शास्त्रीबुवा शुक्रवारातले मोठे वैद्य. त्यांचा औषधांचा ग्रंथ त्या वेळी माझ्याकडेच उतरवायला होता, म्हणून त्यांच्याकडे गेलो. घरी येऊन नाडी बघावी, अशी विनंती केली.

"तुमच्या बोळात आमची पालखी वळायची नाही," ते म्हणाले. "लक्षणे लिहून आणा. अक्षर चांगले आहे तुमचे."

तसा मी लिहून घेऊन गेलो आणि आमवात ठरला. आमवात म्हणजे न पचलेले अन्न सांध्यांत जाऊन बसते, सांधे सुजतात आणि ठणकतात. त्यावर लंघन, तापल्या वाळूचा शेक आणि दिवसातून तीनदा सुंठ व सैंधव मीठ घातलेले पाणी.

पहिले आठ दिवस आम्ही सांगितले ते सगळे केले. जानकीने एकही घोट चुकवला नाही. सूज घोट्यावरून पोटरीवर आली. पुन्हा गेलो. "लागेल वेळ," एवढेच उत्तर मिळाले. शब्दांनी हा मनुष्य हलायचा नाही, हे मला कळले. त्याला पायच दाखवायला हवा होता.

शेजारी सदोबा जिनगर राहत असे. संगमावर कोणी गोरा चितारी उतरला होता, त्याच्याकडे सदोबा रंग कालवायला जाई. तो साहेब समोर वस्तू ठेवून चित्र काढतो, असे त्याने सांगितले होते. मी म्हटले, "मला पाय काढायला शिकव."

त्याने मला साहेबाकडची शिशाची कांडी दिली. जानकी भिंतीशी तक्क्याला टेकून बसली होती. मी समोर बसून तासाभरात पाय काढला. सदोबाने कागद लांब धरला.

"पंत, हे लक्ष्मीचं पाऊल झालं. वहिनींचं कुठं हाय?"

पाहिले तर खरेच. पाच बोटे उतरत्या क्रमाने, टाच गोल, पोथीच्या समासात काढतात तशी.

"पाय कसा असतो ते तुमाला आधीच ठावं हाय, हीच अडचण," सदोबा म्हणाला. "कागदाकडं एकदा बघायचं, तर पायाकडं धा वेळा."

जानकी म्हणाली, "पाय नजरेस पडायला सुजावे लागले होय?" सदोबा हसला. मी खाली मान घालून कांडीला टोक करू लागलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, तिसऱ्या दिवशीही. पहिल्या दिवसांत मला काहीच दिसत नसे, फक्त 'पाय' दिसे. मग जोडवे दिसले. ते बोटात रुतले होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस वर आले होते. कातडी ताणून चकचकीत झाली होती. घोट्याचे हाड कुठे आहे ते शोधून सापडेना, म्हणून मी अंगठ्याने चाचपले. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. मी शंभरपर्यंत मोजले. खळगा होताच.

"दुखले का?" मी विचारले.

"नाही. सांधे कधीच दुखले नाहीत," ती म्हणाली.

आमवातात सांधे ठणकतात. तिचे ठणकत नव्हते. हे मला दुखण्याच्या तिसऱ्या आठवड्यात, हातात कांडी असताना कळले. तो खळगा मी सावली देऊन काढला. आयुष्यात मी काढलेली पहिली खरी वस्तू ती.

चित्र घेऊन शास्त्रीबुवांकडे गेलो. ओसरीवर दोन प्रहर बसून राहिलो. आत बोलावल्यावर त्यांनी कागदाकडे क्षणभर पाहिले.

"हत्ती पाळलात की काय?"

शिष्य हसले. मी खळग्याकडे बोट दाखवले, सांधे दुखत नाहीत हेही सांगितले. त्यांचे लक्ष खलात होते. त्यांनी नवे चूर्ण घातले ते माझ्याच चित्रावर. चार घड्या घालून पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "सैंधव वाढवा," म्हणाले.

मी पुडी घेतली आणि घरी आलो. तेव्हा तिथे काहीच बोललो नाही, हे मला आजही खुपते.

पुढच्या पंधरा दिवसांत पाणी पोटात आले. जानकीला आडवे होता येईना, श्वास लागे. मग सदोबाने पर्वतीच्या पायथ्याचे रामभट वैद्य आणले. ते पायी आले. आल्या आल्या खाली बसून त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि मोजू लागले.

"हा शोथ. म्हणजे अंगात पाणी साठते," ते म्हणाले. "यात मीठ विष. जेवण अळणी हवे, दुधावर ठेवायला हवे. मीठ कोणी दिले?"

मीठ पाण्यात कालवून मीच देत होतो.

"पहिल्या दिवसापासून अळणी केले असते तर?" मी विचारले.

"वाचल्याच असत्या असे म्हणणार नाही. पण हा त्रास इतका झाला नसता."

ती अकरा दिवस अळणी जेवली. सूज थोडी उतरली, जोडवे बोटात फिरू लागले. ते तिने मला फिरवून दाखवले. बाराव्या दिवशी सकाळी ती गेली.

सुतक फिटल्यावर मी शास्त्रीबुवांकडे गेलो. शिष्यांसमोर विचारायचे ठरवूनच गेलो. "न पाहता आमवात कसा ठरवलात?"

ते शांतपणे उठले. फडताळातून माझा कागद काढून त्यांनी मोठ्याने वाचला. 'सांध्यांच्या ठायी सूज व शूल, अन्नावर अरुची, अंग जड.'

"शूल, ठणका होता?"

"नव्हता."

"मग लिहिलात का?"

त्या आठवड्यात मी त्यांच्याच ग्रंथातले आमवाताचे प्रकरण उतरवत होतो. तिथे सुजेपुढे शूल होता. हात सवयीने पुढे गेला. शास्त्रीबुवांनी कागद जागेवर ठेवला आणि म्हणाले, "ग्रंथ कधी मिळेल?"

"लवकर," मी म्हणालो.

ग्रंथ मी पुरा केला. इतके सुरेख अक्षर मी कधी काढले नव्हते. आमवाताच्या प्रकरणात एका पानाच्या पुढच्या बाजूला त्यांचा नावाजलेला काढा आहे. मूळ पोथीचे ते पान वाळवीने खाल्लेले, उतरवतानाच गळून गेले; त्यातली प्रमाणे त्यांनी दुसरीकडे कुठेच लिहून ठेवलेली नाहीत. त्याच पानाच्या पाठीवर मी जानकीचा पाय काढला. समोर पुडीचा कागद ठेवला होता. रुतलेले जोडवे काढले, खळगा काढला. कागदावरच्या घड्यांच्या रेघाही काढल्या, कारण आता मी समोर असते तेच काढतो. खाली लिहिले, 'हा पाय आमवाताचा नव्हे. वैद्य धुंडिराजशास्त्री यांनी पाहिला नाही. लेखक विनायक याने चुकीचा लिहिला.'

त्यांनी बोलावणे पाठवले. "ते पान काढून द्या."

"काढतो. पाठीमागे आपला काढा आहे, तोही जाईल."

त्यांनी पान उलटून काढा पाहिला, मग पुन्हा पाय. घड्या त्यांनी ओळखल्या होत्या. पान राहिले.

आता त्यांचे शिष्य तो ग्रंथ उतरवून घेतात. समोर असेल ते उतरवायचे, हीच रीत असल्यामुळे पायही उतरवतात आणि त्याखालच्या ओळीही. या आडव्याउभ्या रेघा कशाच्या, असे नवा शिष्य विचारतो आणि दर वेळी शास्त्रीबुवांना उत्तर द्यावे लागते. काय देतात ते ऐकायला मी जात नाही. पण त्यांतला एकजण परवा आमच्या बोळात एका म्हातारीच्या नडगीवर अंगठा दाबून मोजत बसला होता, असे सदोबाने सांगितले. सदोबाचे उपकार आहेत, ते मी मानतो.

मी शास्त्रीबुवांना क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही. तुमच्या घरी सूज असेल तर वैद्याला रोग्यापाशी घेऊन या. येत नसेल तर दुसरा बघा. आणि जे लिहाल ते रोग्यासमोर बसून लिहा.

पोथीच्या शेवटी लेखक लिहितो की समोर जसे होते तसे उतरवले, दोष माझा नव्हे. त्या ग्रंथात मी ते वाक्य गाळले आहे.