डबकं आटवणारे साडू

आख्ख्या जालना जिल्ह्यात पाणी आटलं म्हणून खूश होणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा थोरला साडू निघाला. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ कुठं डबकं आटल्याचं कळलं की स्कूटर काढत, तळाची वाळलेली ढेकळं पिशवीत भरून आणत आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांत ठेवत. एकदा त्यांच्या बायकोनं, म्हणजे ताईंनी, पाहुण्यांपुढं शेवेचा डबा उघडला, तर आत ढेकळं. पाहुणे म्हणाले, "ही तर माती हाय!" साडू शांतपणे म्हणाले, "बिलकुल न्हाई. अंडी हायेत." पाहुण्यांनी मग चहासुद्धा जपूनच घेतला.

अंडी खरंच होती. नखाएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी, पाठीवर उलटी पोहणारी कोळंबी अशा डबक्यांत असते. पाणी आटलं की ती मरते. तिची अंडी मात्र वाळल्या चिखलात वर्षानुवर्षं ऊन खात पडून राहतात, आणि पुन्हा पाणी साचलं की फुटतात.

वाटूरजवळचं तसलं एक डबकं रस्ता रुंद करताना मुरमानं बुजलं. साडूंनी आदल्या दिवशीच तिथली माती उचलली होती; पण ती टाकायची कुठं? शेततळ्यांत प्लास्टिक, तलावांत मासे, आणि मासे कोळंबी खाऊन टाकतात. साडूंना दरवर्षी आटणारं, म्हणजे मासे न टिकणारं पाणी हवं होतं. "आपल्या भागात आटणारी जागा सापडंना, कमाल झाली!" असं म्हणत ते महिनाभर हिंडले. शेवटी तीर्थपुरीच्या माझ्या रानातला खडकाळ खड्डा त्यांनी पसंत केला. मी तो बुजवून सोयाबीन पेरणार होतो. त्यांचा चेहरा पाहून बेत सोडला, आणि त्यांनी माती खड्ड्यात पसरली.

पहिल्या वर्षी खड्डा भरला, आटला. काहीच दिसलं नाही. "समदी अंडी एकदम फुटत न्हाईत. काही मागं राहतात," ते म्हणाले, पण आवाज पडलेला होता. पुढं गुडघे गेले, आणि मुलानं दोघांना पुण्याला नेलं.

यंदा श्रावणात खड्ड्यावर वाकलो, तर पाण्यात ती काचेसारखी कोळंबी उलटी पोहत होती. लगेच साडूंना फोन लावून सांगितलं.

"साडूभाऊ, ऐकू राह्यले ना?"

"ऐकू राह्यलो," ते म्हणाले. "आता पाणी आटू द्या. मोटार लावून भरू नका."

फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. मग मीही तसाच कानाला लावून काठावर बसून राहिलो.