टाके विरघळेपर्यंत

अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टरांनी आपोआप विरघळणारे टाके घातले आणि बोलू नका म्हणून बजावलं. सुजलेला गाल ओढणीत लपवून मी पेण-रोहा एसटीने कामावर जायचे. नागोठण्याला मीठ विकायला जाणारी एक मावशी रोज शेजारी बसायची. मी नुसती मान हलवायचे, म्हणून तिला मी मुकीच वाटले. मग माझ्या गुडघ्यावर खरखरीत हात ठेवून ती सगळं सांगायची, घर सोडून गेलेल्या लेकीचंसुद्धा. "तुला सांगितलेलं कुठं जात नाय गो," म्हणायची.

टाके विरघळले त्या दिवशी मी हौसेने विचारलं, "मावशी, लेक आली?"

"बोलतेस व्हय तू?" म्हणत तिने हात काढून घेतला.

आजही नागोठणं आलं की माझी जीभ त्या जागी टाके शोधते.