विट्स्के इथे लिहिते आहे

विट्स्केला थांबायला सांगायची हिंमत आमच्या एस्टेरुम गावात कुणाची नव्हती, कारण लोकांना थांबायला सांगणं हे तिचंच काम होतं. कालव्यावरचा पूल तिच्या ताब्यात होता. शिडाची नाव आली की ती रस्त्यावर आडवा दांडा टाकायची, पूल वर उचलायची, आणि मग ट्रॅक्टर असो, महापौरांची गाडी असो, नाहीतर नवरानवरीची, सगळे गुमान उभे. नाव सरकायला लागली की ती गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट नाववाल्यापुढे लोंबकळवायची आणि त्याने पुलाचे पैसे त्यात टाकायचे. तेवढ्यात ती त्याची खबरबातही काढून घ्यायची. कुणाच्या नावेला गळती लागली, कुणाची बायको माहेरी गेली, बाईला सगळं ठाऊक.

मग पुलावर कॅमेरे बसले. लांबच्या कुठल्याशा कचेरीतला माणूस बटण दाबून आमचा पूल उघडू लागला. त्यानंतर वर्षभरातच विट्स्केला पक्षाघाताचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. मला वाटलं, आता ही बाई खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोल लावत राहणार. पण तिने मनावर घेतलं की वाटरविकीवर आपल्या पुलाचं पान लिहायचं.

वाटरविकी म्हणजे आमच्या भागातल्या पाण्याचा ज्ञानकोश. इंटरनेटवर आहे, आमच्या इथल्या फ्रिजियन भाषेत आहे आणि आम्हीच लिहितो. कालवे, बांध, नावा, पूल, कशावरही कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. माझं कॉफीघर असल्यामुळे मी वाटाण्याच्या सूपावर आणि गोठलेल्या कालव्यावर लागणाऱ्या टपऱ्यांवर लिहिते, दुसरं मला काही येत नाही. एस्टेरुमच्या पुलाच्या पानावर तेव्हा तीन ओळी होत्या. लांबी, रुंदी आणि बांधल्याचं साल.

‘कुणीही दुरुस्त करावं’ हे जरा जास्तच मनाला लावून घेतलेला माणूस म्हणजे वोब्बे. वोब्बे होड्यांवर त्यांची नावं रंगवतो. एक अक्षर तिरकं दिसलं तरी त्याला जेवण जात नाही. विकीवर कुणी काही लिहिलं की कॉफी गार व्हायच्या आत हा हजर. इथे स्वल्पविराम दे, तिथली मोकळी जागा काढ. माणूस वाईट नाही, पण पिच्छा न सोडणारा.

विट्स्के डाव्या हाताच्या एका बोटाने लिहायची. एक परिच्छेद लिहायला तिला सकाळ जायची. तेवढ्यात वोब्बे त्याच पानावर शिरायचा, एक स्वल्पविराम टाकायचा आणि पान जतन करून निघून जायचा. मग विट्स्के जतन करायला गेली की पडद्यावर सूचना यायची, पान मध्येच बदललं आहे, आता दोन्ही मजकूर तुम्ही जुळवा. एक मजकूर वर, एक खाली, मध्ये अगम्य खुणांचं रान. ती काहीतरी दाबायची आणि सकाळभराचं काम पाण्यात. असं एकदा झालं, दोनदा झालं, होतच राहिलं.

“अगं, दुसरीकडे लिहून मग इथे आणून चिकटव,” मी म्हणाले.

“दोन कळा एकदम दाबायच्या असतात त्याला, रेन्स्के. दुसरा हात तू देतेस?”

“मग वोब्बेला सांग ना, जरा थांब म्हणून.”

“सांगितलं. म्हणाला, पान कुणाच्या मालकीचं नसतं.” आणि मग ती जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

वोब्बेचं चूक नव्हतं, हेच तर दुखणं. विकीवर पान कुणाचंच नसतं, तो आमचा पहिला नियम. पण हरवत होतं ते मात्र एकट्या विट्स्केचंच.

शेवटी हिद्दे मध्ये पडला. हिद्दे दूध काढणारी यंत्रं दुरुस्त करत गोठ्यागोठ्यांतून हिंडतो आणि विकीची यंत्रणाही तोच सांभाळतो, फुकटात. तो विट्स्केच्या घरी गेला. त्याने तिला काय हवं ते विचारलं, आणि हे त्याआधी कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

ती म्हणाली, “समोरासमोरून दोन नावा आल्या तर मी काय करायची? एकीला बुडवायची का? दोघी जायच्या. फक्त कोण कुठे आहे ते दोघींना दिसलं पाहिजे.”

हिवाळाभर खपून हिद्देने नवं साधन बांधलं. खुणांचं रान गेलं. पान जसं दिसतं तसंच त्यावर लिहायचं. जतन करेपर्यंत प्रत्येक शब्द आपोआप जपून ठेवला जाणार. जो परिच्छेद कुणी लिहीत असेल त्याच्यावर एक बारीक पिवळी पट्टी येणार आणि त्या माणसाचं नाव दिसणार. तेवढा परिच्छेद सोडून बाकीच्या पानावर दुसऱ्याने खुशाल काम करावं, शेवटी दोन्ही मजकूर आपोआप एकत्र होणार.

पण विकीवर नवं काही आणायचं तर सभासदांच्या वार्षिक सभेत हात वर व्हावे लागतात. सभा माझ्याच कॉफीघरात होती. साखरेचा पाव कापून ठेवला होता, टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर विकी लावली होती आणि वोब्बे पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

“आज पट्टी, उद्या कुंपण,” तो म्हणाला. “एखादा परिच्छेदावर पट्टी लावून झोपा काढेल. आम्ही काय बाहेर उभं राहून वाट बघायची?”

“बोट हललं नाही की थोड्या वेळाने पट्टी जाते,” हिद्दे म्हणाला.

“थोड्या म्हणजे किती? हिच्या बोटाच्या मानाने की माझ्या?”

कुणीतरी हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी हातातली किटली आदळली. विट्स्के मात्र शांत. ती उठली आणि म्हणाली, “आज तुम्ही नाही म्हणालात तर सभासदांतून माझं नाव काढा. पूल तीन ओळींचाच राहू दे. लांबी, रुंदी आणि साल. बाकीचं माझ्याबरोबर जाईल.”

तिचं खरं होतं. तो पूल हाताने चालवलेलं माणूस गावात आता ती एकटीच उरली होती.

मग अध्यक्षबाईंनी आमचा जुना रिवाज काढला. नाही म्हणणाऱ्याने आधी वापरून दाखवायचं. वोब्बेची इच्छा नव्हती, पण रिवाज तो रिवाज. एका संगणकावर विट्स्के बसली, दुसऱ्यावर वोब्बे. दोघांपुढे तेच पान, आणि मोठ्या पडद्यावर आम्हाला दोघांचंही काम दिसत होतं.

पडद्यावर पट्टी आली, ‘विट्स्के इथे लिहिते आहे’. वरच्या तीन ओळींवर दुसरी आली, ‘वोब्बे इथे लिहितो आहे’. तो आपला स्वल्पविरामांच्या मागे लागला. खाली तिचं बोट एकेक कळ शोधत होतं आणि एकेक अक्षर उमटत होतं. आम्ही सगळे ते मोठ्याने वाचायला लागलो.

‘पुलाखाली बर्फ कधीच नीट धरत नाही. मोठ्या स्केटिंग-फेरीच्या हिवाळ्यात गोठलेल्या कालव्यावरून येणाऱ्यांना पुलाशी काठावर चढावं लागे आणि स्केट घालूनच रस्ता ओलांडावा लागे. दगडावर पाती बोथट होत. म्हणून मी घरातला गालिचा आणून रस्त्यावर अंथरला.’

वोब्बेने जतन केलं. मी डोळे मिटून घेतले. विट्स्केने जतन केलं.

“आहे!” हिद्दे ओरडला. “दोन्ही आहे!”

होतं. वोब्बेचे स्वल्पविराम होते आणि विट्स्केचा गालिचाही होता, एक शब्द न हरवता. लोक टाळ्या वाजवायला लागले, कुणी टेबलं बडवली. विट्स्केने डाव्या हाताने डोळे पुसले. सांगायला लाज कसली, मी तर हुंदके देऊन रडले.

वोब्बे मात्र उठला नाही. तिच्या परिच्छेदाखाली नवी पट्टी आली. ‘वोब्बे इथे लिहितो आहे.’ आम्ही पुन्हा वाचायला लागलो.

‘त्या फेरीत मी होतो,’ अक्षरं उमटली. ‘पायांना संवेदना नव्हती. त्या तपकिरी गालिच्यावर मी आडवा झालो आणि फेरी सोडणार होतो. पूलवालीने कॉलर धरून उभं केलं, बडीशेपेचं गरम दूध पाजलं आणि म्हणाली, चल, रस्ता अडवू नकोस. मी फेरी पुरी केली.’

स्वल्पविराम तपासायलाही तो थांबला नाही. त्याने तसंच जतन केलं.

विट्स्के पुन्हा कळांकडे वळली. मग त्याच परिच्छेदावर तिची पट्टी आली. तिने ‘तपकिरी’ खोडलं आणि एकेक अक्षर शोधून ‘हिरव्या’ लिहिलं.

“हिरवा?” वोब्बे वळून म्हणाला. “तपकिरीच होता. माझं नाक होतं त्यावर.”

“हिरवा. गालिचा माझा होता.”

“पान कुणाच्या मालकीचं नसतं, विट्स्के.”

“पान नसतं रे. गालिचा असतो.”

हसण्याने कपबशा वाजल्या. अध्यक्षबाईंनी मत घ्यायला म्हणून तोंड उघडलं, तोच रंगाचे डाग पडलेला एक हात सगळ्यांच्या आधी वर गेला. वोब्बेचा. पाठोपाठ साऱ्या खोलीचे.

“चला, मंजूर,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आता पडदा बंद करा, पुढचा विषय घेऊ.”

“थांबा,” विट्स्के म्हणाली. तिने मान वळवलीसुद्धा नाही. “लाकडी बुटाचं लिहायचं राहिलंय.”

पडद्यावर पिवळी पट्टी आली. अध्यक्षबाई, हिद्दे, वोब्बे आणि मी, सगळे कॉफीचे कप हातात धरून गुमान उभे राहिलो.