डोक्यावर नसलेलं घमेलं

सनातूने अक्रा शहराच्या बाजारात अकरा वर्षं डोक्यावरून ओझी वाहिली. उत्तरेकडच्या गावातून आली तेव्हा पंधराची होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं आणि घमेल्यात दुसऱ्याचे टोमॅटो नाहीतर कांदे. एकदा घमेलं कलंडलं आणि टोमॅटोवालीने भर बाजारात तिच्या थोबाडीत मारली. त्यानंतर तिच्या डोक्यावरून कधी काही पडलं नाही.

आता सव्विसाव्या वर्षी ती कॉम्प्युटरवर माणसं घडवायला शिकत होती. आधी हाडं जोडायची, वर कातडी चढवायची, मग एकेक सांधा हलवून त्या माणसाला चालवायचं. वर्गातली बाकीची पोरं कॉलेजात गेलेली. पण अंगाचा भार कधी कुठल्या पायावर येतो, हे सनातूला कुणी शिकवावं लागलं नाही. शेवटची परीक्षा तेवढी उरली होती. पास झाली तर कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी, नाहीतर पुन्हा घमेलं.

परीक्षा दिसायला सोपी होती: एक मुलगी रिकाम्या हातांनी घरी चालली आहे, दहा सेकंद. सनातूने फोनवर स्वतःचं चालणं टिपलं आणि त्याबरहुकूम हाडन् हाड हलवलं.

शिकवणाऱ्या देदेई मॅडमनी ते तीनदा बघितलं. "हिच्या डोक्यावर काय आहे?"

"काही नाही मॅडम. रिकामीच चाललीय."

मॅडमनी पडद्यावरच त्या मुलीच्या डोक्यावर पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलं. मुलगी चालत राहिली, थेंबसुद्धा सांडला नाही. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. शुक्रवारपर्यंत पुन्हा करून आण म्हणाल्या.

सनातूने मान सैल सोडून चालून बघितलं, तर दारू प्यायल्यासारखं दिसलं. तिच्याच खोलीत राहणारी लामिसी अजून ओझी वाहत होती. ती म्हणाली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, बाई." गल्लीतल्या बायकांना टिपावं म्हटलं, तर त्याही ओझी वाहणाऱ्याच, सगळ्यांच्या माना तशाच ताठ. इतकी वर्षं आपण रोज संध्याकाळी ओझं उतरवून घरी आलो, पण ते उतरलंच नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं आणि रडू आलं.

गुरुवारी दुपारी तिची सात वर्षांची लेक तियुम्बा शाळेतून आली. या पोरीला सनातूने पाण्याची वाटीसुद्धा कधी डोक्यावर घेऊ दिली नव्हती. राणीसाहेब वाढवतेस, म्हणून लामिसी टोमणे मारायची. पोर कावळ्यांकडे बघत, मान इकडेतिकडे टाकत, मध्येच दगडाला ठेचकाळत आली. सनातू बघतच राहिली. मग तिने फोन काढला.

"परत कोपऱ्यापर्यंत जा, आणि चालत ये."

"येताना काय आणू?"

"काही नको. नुसती ये."

शुक्रवारी मॅडमनी नव्या मुलीच्या डोक्यावर तेच घमेलं ठेवलं. तिसऱ्या पावलाला ते घरंगळलं आणि पाणी पडदाभर झालं. मॅडमनी सनातूच्या नावापुढे पास लिहिलं. सनातूचं तिकडे लक्षच नव्हतं. सांडलेल्या घमेल्याकडे बघून ती आयुष्यात पहिल्यांदाच पोट धरून हसत होती.