शिशात उतरलेली भीती

गावात कुणाचं पोर दचकून गप्प झालं की डॉक्टरच्या आधी देव्लेताआजीचं दार वाजायचं. पोराच्या डोक्यावर चादर धरायची, वर पाण्याचं भांडं आणि त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. चर्र झालं की पाण्यात भीतीचा आकार उतरतो, ही बोस्नियातल्या त्या खाणगावाची पक्की समजूत. बाकीच्या बाया आकार बघून छातीठोक सांगत, कुत्रा आहे, साप आहे. आजी पोरालाच विचारायची. सांगता आलं की निम्मी भीती जाते, असं तिचं मत होतं.

पण अलीकडे तिचा हात कापू लागला होता. आज समोर पाच वर्षांची जेलिला बसली होती आणि आजीच घाबरली होती. एक थेंब पोरीवर सांडला तर?

जेलिलाचा बाप रिफेत कोळशाच्या खाणीत कामाला. वसंतात खाणीचं छत कोसळलं, तो रात्रभर आत अडकला, मग सुखरूप निघाला. पोर मात्र तेव्हापासून बोललीच नव्हती.

"कुत्रा भुंकला असणार अंगावर," रिफेत म्हणाला. "आटप आजी, शिफ्टला जायचंय मला."

"तुला विचारलं का कुणी? चादर नीट धर."

पळी थरथरली. शिसं चरचरलं, चादरीखाली पोर दचकली. आजीने घाईने चादर ओढली. पोर कोरडी होती.

भांड्यात एक लांबट गोळा पडला होता.

"काय गं हे?"

"कुत्राच," रिफेत म्हणाला.

"तू गप रे."

जेलिला बघत राहिली. ही आता कधीच बोलणार नाही, असं आजीला वाटलं. मग पोर पुटपुटली, "बाबा."

"काय करतोय बाबा?"

"झोपलाय. मी हलवते, तरी उठत नाही."

रिफेतचा चेहरा उतरला. पोर रोज रात्री आपल्या उशाशी का बसते, हे त्याला आत्ता कळलं. तो हट्ट समजून रागवायचा.

"वेडी कुठली. खाणीत भिण्यासारखं काय असतं?" खाणीतल्या माणसाने घरात भीतीचं नावही काढायचं नाही, ही तिथली रीत.

"तिला खोटं कळतं," आजी म्हणाली. "खरं सांग."

"लिफ्ट खाली जायला लागली की पाय लटपटतात माझे," तो पोरीला म्हणाला. "आजही लटपटतील."

"मग जाऊ नको."

बाहेर खाणीचा भोंगा वाजला. रिफेत उठला, तशी जेलिलाने त्याची पँट घट्ट धरली.

"पाय लटपटले की कुणाला सांगशील?" तिने विचारलं.

"तुला," तो म्हणाला. "घरी आलो की."

पोरीने त्याला सोडलं. तो उतारावरून दिसेनासा होईपर्यंत आजी दारातच उभी राहिली, कारण तो परत येईल ना, ही भीती आता तिलाही वाटू लागली होती.