चारचौघांत सांगितलेलं दुखणं

आमचे हे उमरेड–नागपूर एसटीचे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर मनसोक्त फिरू म्हणायचे, पण रामटेकला भाचीच्या लग्नालासुद्धा आले नाहीत. गुडघे दुखतात, असं सांगितलं. खरं कारण मला दिसत होतं. घडीघडी लघवीला जावं लागायचं आणि जाऊनही मोकळं वाटायचं नाही. मी दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायचे.

एका सकाळी लघवी पूर्ण अडली. घामाघूम झाले. ऑटोने दवाखान्यात नेलं, नळी घातली तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली पडला. वयामुळे प्रोस्टेटची गाठ वाढली होती. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. गोळ्यांवर काही वर्षं बरी गेली, मग लघवी पुन्हा अडली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि पुढचं बोलायला मला बाहेर थांबायला सांगितलं.

हे म्हणाले, "तिले बसू द्या. जे होईल ते दोघांचं होईल."

या विषयावर माझ्यासमोर चकार शब्द न काढणारा माणूस हे बोलला. मी बसले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लघवी मोकळी होईल, पण संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाईल, आणि ते बहुधा कायमचं राहील. काहींना बऱ्याच वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागतं, हेही सांगितलं.

त्या ऑपरेशनला आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीला कपडे ओले व्हायचे, यांची चिडचिड व्हायची. हळूहळू ते थांबलं. डॉक्टरांनी सांगितलेला बदल मात्र राहिला. आमचं त्यावाचून काही अडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात कळमेश्वरला पुतणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, यांचे मोठे भाऊ पंगतीतून सारखे उठत होते. हे त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि पाहुण्यांदेखत म्हणाले, "दादा, मलेही हेच होतं. लपवत बसलो अन् फसलो. तू लाजू नको गा. उद्या माझ्यासंग दवाखान्यात चाल."

वाढता वाढता मी थांबले. मग समोरच्या व्याह्यांनी हळूच विचारलं, ऑपरेशन फार दुखतं का? यांनी वरण-भात कालवता कालवता सगळं सांगितलं, नळीपासून ओल्या कपड्यांपर्यंत. बायकांनी तोंडाला पदर लावले. मला मात्र त्या मांडवात यांची बायको म्हणून मिरवावंसं वाटलं.

दादांचं गोळ्यांवर भागलं. यांच्या लघवीची धार यंदा थोडी मंदावली आहे. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. डॉक्टरांची वेळ यांनी स्वतःच फोन करून घेतली.