नारळ फोडून दिलेले पाच तारे

चारा बारीक करायच्या कडबा कुट्टी मशीनचं पातं सुटलं तेव्हा मी गोठ्याच्या दारात चहा पीत उभा होतो. आधी पत्रा फाटल्याचा आवाज झाला, मग मशीनला वैरण लावणाऱ्या भावाचा. तो ओरडला नाही, गुरगुरला. उजवा हात त्यानं पोटाशी धरला होता आणि रक्त बनियनमधून खाली उसाच्या वाढ्याच्या हिरव्या शेंड्यांवर पडत होतं. मशीन तसंच धडधडत होतं. म्हशी दावी तोडायला उठल्या. मी बटण बंद केलं, तोवर आई खाली बसून चिरलेल्या वैरणीत हात घालून शोधत होती. तीन बोटं तिनं पदरात घेतली आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या त्या बघण्याचा मला अजून राग येतो, कारण ते बरोबर होतं.

मशीन मी मोबाईलवरून ऑनलाइन मागवलं होतं. भावाला कोल्हापुरातल्या एका दुकानातलं पाहिजे होतं. तिथला दुकानदार पेंढी घालून मशीन चालवून दाखवतो. "डोळ्यांनी बघून घिऊया की," भाऊ म्हणाला. मी शहरात नोकरीला जातो, रोज गडमुडशिंगीहून ये-जा करतो, त्यामुळं घरात शहाणा मीच. मी त्याला अडाणी म्हणालो. मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणालो, एवढी माणसं पाच-पाच तारे देतात ती काय येडी आहेत?

कोल्हापुरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, बोटं ठेचली गेलीत, जोडता येणार नाहीत. आमच्या घरी पाच म्हशी आणि धार काढणारा तो एकटा. त्यातली थोरली म्हैस त्याच्या हाताशिवाय पान्हाच सोडत नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी ते सगळे अभिप्राय पुन्हा वाचले. खरं तर पहिल्यांदाच वाचले. आधी नुसते तारे बघितले होते.

हाताच्या काकणाला आरसा कशाला! एकच वाक्य पाच जणांनी जसंच्या तसं लिहिलेलं. ते लिहिणाऱ्यांची नावं दाबून बघितली तर त्याच दिवशी त्यांनी लिपस्टिक, मोबाईलचं कव्हर आणि पाळीव मांजराचं खाणं यांनाही पाच तारे दिलेले. मशीनला किती हॉर्सपॉवरची मोटर आहे, ओलं वाढं अडकतं का, पात्यांना धार कितीदा लावावी लागते, कुणी चकार शब्द काढलेला नव्हता. ज्यांना गोठ्याचा वासही माहीत नाही असल्या भाडोत्री माणसांनी माझ्या भावाची बोटं खाल्ली होती. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

पण मी फसलो होतो तो त्यांच्यामुळं नव्हे. मी फसलो एका ओळीनं. "लई भारी मशीन हाय. डोळं झाकून घ्या पावणं." आपल्या बोलीतला माणूस खोटं कशाला बोलेल, असं मला वाटलं होतं. त्या ओळीखाली फोटो होता आणि फोटोत मशीनच्या मागं दूध संस्थेची पाटी. गाव बिद्री.

भावाला घेऊन घरी आलो, पहार घेतली आणि मशीन फोडलं. पत्रा, मोटर, चाक, काही ठेवलं नाही. हाताला फोड आले तरी थांबलो नाही. आई म्हणाली, "आता त्येला मारून काय हुतंय?" मग मी मोटारसायकल काढली. मारायला जिवंत माणूस पाहिजे होता.

बिद्रीत त्या पाटीजवळ विचारलं, ऑनलाइन कुट्टी मशीन मागवलेला कोण? दोन मिनिटांत घर दाखवलं. माझ्याच वयाचा माणूस शेणाच्या हातानं बाहेर आला. "या पावणं," म्हणाला. मी त्याची कॉलर धरली आणि दोन कानाखाली ओढल्या. तिसरी नाकावर बसली. रक्त आलं. त्याची बायको खुरपं घेऊन धावत आली. त्यानंच तिला हातानं मागं सारलं.

"मारतासा कशाला, ते तरी सांगा."

मी मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. किती घेतलंस हे लिहायला, असं ओरडलो. भावाची बोटं सांगितली. तो मोबाईलमधल्या आपल्याच ओळीकडं बघायला लागला.

"कुणाकडनं काय घेतलं न्हाई. मीच लिवलं. मशीन आलं, पूजा केली, नारळ फोडला, फोटू काढला आणि घातला. नवी वस्तू घरात आली, पूजेच्या दिवशी तिला नावं ठेवायची असत्यात व्हय?"

"चालवून बघितलं नव्हतंस?"

"दुसऱ्या दिवशी चालवलं. तासाभरात मोटर जळली. त्ये बघा, पेंडीच्या पोत्यामागं पडलंय."

"मग लिहिलेलं पुसलं का नाहीस?"

"ध्यानातच न्हाई आलं." त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि वर बघितलं. "तुमी काय लिवलासा?"

मी कॉलर सोडली.

आमच्याकडंही मशीन आलं त्या दिवशी आईनं हळद-कुंकू वाहिलं होतं, झेंडूचा हार घातला होता. मी फोटो काढला होता. पेटी फोडून पुरता तास झाला नव्हता, मशीनला वायरसुद्धा जोडली नव्हती आणि मी पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. वर एक वाक्यही ठोकलं होतं: "एकदम दणकट. बिनधास्त घ्या." लोकांनी आपलं वाचावं अशी हौस, दुसरं काय.

तिथंच त्याच्या अंगणात उभा राहून मी तो फोटो उघडला, मग बाकीच्यांचेही उघडले. आता नीट बघितलं तर सगळ्याच खऱ्या माणसांच्या फोटोंत हार होता, कुंकू होतं, नारळ होता. एकाही पात्याला हिरवा रस लागलेला नव्हता. माझ्या फोटोत भाऊ हसत होता आणि त्याच्या उजव्या हातात नारळ होता. पाची बोटं नारळाभोवती घट्ट. आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, "धन्यवाद दादा. तुमच्या शब्दावर आजच मागवलं."

त्या माणसानं मला पाणी आणून दिलं. मी प्यालो. त्याची माफी मागायला तोंड उघडलं, पण मला रडू फुटलं आणि त्याच्यासमोर रडल्याची लाज वाटून मी तसाच निघालो. आजही ती माफी माझ्याकडं तशीच आहे.

घरी भावाला सगळं सांगितलं. तो मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं डाव्या हातानं थोरल्या म्हशीला वैरण टाकली, मग पट्टी बांधलेला हात पुढं करून म्हणाला, "ह्येचा फोटू काढ. आणि तितंच घाल."

मी काढला. पाच तारे काढून एक ठेवला, कारण शून्य देता येत नाही. खाली लिहिलं, मशीन चालवू नका, पातं सुटतं, माझ्या भावाची तीन बोटं गेली. त्या धन्यवाद देणाऱ्या माणसाला वेगळं लिहिलं, पेटी फोडू नका, परत पाठवा.

त्याला महिना होऊन गेला. रोज सकाळी आई थोरल्या म्हशीखाली बसते, म्हैस लाथ मारते आणि मी मोबाईल उघडून बघतो. त्या धन्यवाद देणाऱ्याचं उत्तर आलेलं नाही. लिहायला त्याची बोटं जागेवर असू देत, एवढंच मागणं आहे.